अंतर पाळ, पण मूल सोडू नकोस
नव्या आरोग्यसेविकेला मावशीचे कानमंत्र

पोरी, तुझी उपकेंद्रावर नेमणूक झाली, फार बरं वाटलं. सिरिंज कशी धरायची, आइस पॅक कसे लावायचे, व्हीव्हीएम कसा वाचायचा हे तुला प्रशिक्षणात शिकवलं आहे. त्यात मी भर घालत नाही. मी सांगणार आहे ते तारखांबद्दल. कोणता डोस कोणत्या वयात, दोन डोसमध्ये अंतर किती, आणि शासनाने ते तसं का ठरवलं. आपल्या कामात बहुतेक मुलं निसटतात ती या तारखांच्या गोंधळात.

त्यातही बाळांपेक्षा मोठी मुलं जास्त निसटतात. बाळाच्या मागे आशाताई असते, अंगणवाडी असते, आजी असते. दहा वर्षांच्या पोरीचा किंवा सोळा वर्षांच्या पोराचा डोस राहिला आहे हे त्यांच्या आईच्याही ध्यानात नसतं. म्हणून हे सगळं मन लावून वाच आणि ड्यू लिस्ट करायला बसशील तेव्हा पुन्हा काढून बघ.

१. आधी अंतराचं कारण समजून घे

वेळापत्रक पाठ करणं सोपं आहे. पण दारात उभी राहिलेली आई जेव्हा विचारते, "सिस्टर, आज आलेच आहे तर दोन्ही डोस देऊन टाका ना," तेव्हा पाठांतर उपयोगी पडत नाही. तिथे कारण सांगावं लागतं.

पहिल्या डोसनंतर शरीर त्या रोगाची ओळख करून घेतं, प्रतिपिंडं तयार करतं आणि ती ओळख पुढच्यासाठी जपून ठेवतं. याला काही आठवडे लागतात. ते काम चालू असताना दुसरा डोस दिला तर त्याचा पुरेसा उपयोग होत नाही. विरजण लावलेलं भांडं सारखं हलवलं तर दही लागत नाही, एवढं सांगितलंस की कोणतीही बाई समजते. म्हणून पेंटाव्हॅलंट सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना. मधले चार-चार आठवडे हा लसीचाच भाग समज.

वयालाही असंच कारण असतं. कावीळ 'ब'चा पहिला डोस जन्मापासून २४ तासांत द्यायचा, कारण आईकडून बाळाला हा संसर्ग बहुतेक वेळा बाळंतपणातच होतो. गोवर-रुबेलाची लस मात्र नऊ महिने पूर्ण झाल्यावर, कारण आईकडून आलेली प्रतिपिंडं तोवर बाळाच्या रक्तात असतात आणि ती लसीलाच निकामी करतात. नऊ महिन्यांनाही शंभरातल्या साधारण ८५ बाळांनाच गोवराच्या लसीचा पुरता गुण येतो. राहिलेल्यांना पकडण्यासाठी १६ ते २४ महिन्यांत दुसरा डोस असतो. "एक दिलाय की, दुसरा नाही दिला तरी चालेल" असं कुणी म्हणालं तर त्यांना हेच सांग. आपलं बाळ त्या ८५ मधलं की उरलेल्या पंधरातलं, हे चेहरा बघून कळत नाही.

२. लवकर देऊ नकोस, उशीर झाला तर सोडू नकोस

दोन डोसमधलं किमान अंतर म्हणजे तळाची रेघ. त्याच्या आत दिलेला डोस मोजत नाहीत, तो पुन्हा द्यावा लागतो. तेव्हा आई कितीही लांबून आली असली तरी चार आठवडे झाले नसतील तर थांबव. फक्त परत पाठवताना नुसतं "पुढच्या महिन्यात या" म्हणू नकोस. कार्डावर तारीख लिही, वार सांग, आणि त्या दिवसाला बाजार किंवा सण जवळ असेल तर त्याची खूण सांग. "पोळ्यानंतरचा पहिला बुधवार" हे लक्षात राहतं, आकडा राहत नाही.

उशिराचं मात्र वेगळं आहे. दोन डोसमध्ये चार आठवड्यांऐवजी सहा महिने गेले तरी पहिला डोस वाया जात नाही. शरीराने ठेवलेली ओळख शिल्लक असते. राहिलेले डोस पुढे चालू करायचे, पहिल्यापासून सुरुवात करायची नाही. हा नियम आपल्याच माणसांना पुष्कळदा ठाऊक नसतो. उशीर झाला म्हणून आईला चार शब्द ऐकवले जातात, ती ओशाळते आणि पुन्हा फिरकतच नाही. तू असं कधी करू नकोस. जी उशिरा का होईना आली आहे, तिला आधी बसायला दे.

आपल्याकडचंच उदाहरण घे. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब परत आलं. बाळ आठ महिन्यांचं. कार्डावर सहाव्या आठवड्याच्या डोसची नोंद आहे, पुढे सगळं कोरं. आज पेंटाव्हॅलंट, पोलिओ आणि रोटाचा दुसरा डोस द्यायचा, आणि नियमात बसणारं बाकीचंही आजच. चार आठवड्यांनी तिसरा डोस. तोपर्यंत बाळाला नऊ महिने पूर्ण झाले असतील तर गोवर-रुबेलाही त्याच दिवशी. दोन फेऱ्यांत मूल जवळजवळ रांगेत आलं.

काही लसींना वरचीही मर्यादा आहे, ती तेवढी तोंडपाठ ठेव. बीसीजी एक वर्षापर्यंत. रोटाचा पहिला डोस पहिल्या वाढदिवसाच्या आत. गोवर-रुबेला शासकीय वेळापत्रकात पाच वर्षांपर्यंत. डीपीटी सात वर्षांपर्यंत. त्यानंतर डीपीटी द्यायची नाही, टीडी द्यायची. मोठं मूल कार्डाशिवाय आलं आणि आधीचं काहीच कळत नसेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून क्रम ठरव. पण "कार्ड नाही, लस नाही" असं म्हणू नकोस.

३. मुदतीची सुरुवात गाठ

वेळापत्रकात काही ठिकाणी एक तारीख नसते, मुदत असते. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा पहिला बूस्टर १६ ते २४ महिन्यांत. डीपीटीचा दुसरा बूस्टर पाच ते सहा वर्षांत. या मुदतीचा शेवट बघत बसू नकोस, सुरुवात गाठ.

आपल्या भागात याला फार महत्त्व आहे. बीडची, नगरच्या पूर्व भागातली पुष्कळ वस्ती दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन बाहेर पडते आणि उन्हाळा लागल्यावर परत येते. ज्या मुलाला दसऱ्याला सोळा महिने पूर्ण झाले त्याचा डोस "चोवीस महिन्यांपर्यंत वेळ आहे" म्हणून ठेवून दिलास तर ते मूल थेट चैत्रात भेटेल. म्हणून भाद्रपदातच ड्यू लिस्ट काढून बस. पुढच्या सहा महिन्यांत कोणाचं काय येतंय ते बघ. नियमात बसेल ते निघण्याआधी देऊन टाक.

जे नियमात बसत नाही ते मात्र लवकर देऊ नकोस. साडेआठ महिन्यांचं बाळ निघालं असेल तर गोवर-रुबेला आज देता येणार नाही. अशा वेळी कार्डावर तारीख ठळक लिहून दे, आणि कोणत्याही सरकारी केंद्रावर हाच डोस फुकट मिळतो हे आईला दोनदा सांग. यू-विनवर नोंद नीट केलीस तर दुसऱ्या जिल्ह्यातल्या सिस्टरलाही मुलाचं खातं दिसतं. मुकादमाचा फोन नंबर आशाताईकडे असतोच. कारखाना कोणता ते विचार आणि तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळव.

४. साथीतला जादा डोस नेहमीच्या खात्यात धरू नकोस

२०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली. भिवंडी, मालेगावलाही रुग्ण सापडले. तेव्हा केंद्र शासनाने नेहमीच्या वेळापत्रकाला तात्पुरती जोड दिली. साथीच्या भागात नऊ महिने ते पाच वर्षांच्या प्रत्येक मुलाला गोवर-रुबेलाचा एक जादा डोस, आधी किती झालेत ते न बघता. आणि जिथे एकूण रुग्णांत नऊ महिन्यांखालची बाळं दहा टक्क्यांहून जास्त होती तिथे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही एक डोस.

मी वर सांगितलं की नऊ महिन्यांआधी लसीला पुरता गुण येत नाही. मग सहा महिन्यांना का दिली? कारण साथीत गोवर दाराशी उभा असतो, आणि त्या वयाच्या बाळाला तो सगळ्यात वाईट पकडतो. थोडं का होईना, संरक्षण मिळावं म्हणून तो डोस. पण त्याला 'शून्य डोस' म्हणतात ते याचसाठी, की तो मोजायचा नाही. त्या बाळाला नऊ महिन्यांचा आणि पुढचा, असे दोन्ही नेहमीचे डोस द्यायचेच असतात. जादा डोस आणि नेहमीचा डोस यांच्यातही चार आठवड्यांचं अंतर ठेवायचं.

मोहिमेचंही तसंच. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षांची मुलं, म्हणजे दहावीपर्यंतचे वर्गच्या वर्ग. "आमच्या मुलाला दोन डोस झालेत, पुन्हा कशाला?" असा प्रश्न शाळाशाळांतून आला. प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर असं, की रुबेलाचा खरा धोका पोटातल्या बाळाला असतो. आज शाळेत असलेली मुलगी उद्या आई होणार आहे, आणि रोगाची साखळी तोडायची तर एकाच वेळी सगळ्या वयाची मुलं झाकली गेली पाहिजेत. पालकांना एवढं शांतपणे सांगितलं की बहुतेक जण सही करतात. जे करत नाहीत त्यांच्यावर चिडू नकोस. त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

५. दहा आणि सोळा हे दोन आकडे विसरू नकोस

आता माझ्या मनातलं खरं दुखणं सांगते. पाच-सहा वर्षांच्या बूस्टरनंतर गावाला वाटतं की पोराचं लसीकरण संपलं. वेळापत्रक तसं म्हणत नाही. दहा वर्षांना टीडी आणि सोळा वर्षांना टीडी, हे दोन डोस मुलगा-मुलगी दोघांनाही आहेत.

टीडीमध्ये धनुर्वात आणि घटसर्प या दोन्हींचं संरक्षण असतं. पूर्वी या वयांना नुसती टीटी देत होतो, म्हणजे फक्त धनुर्वाताची. बदल केला तो घटसर्पामुळे. लहानपणी घेतलेल्या लसीचं बळ वर्षांगणिक उतरत जातं. आपल्या देशातल्या घटसर्पाच्या साथींत पाच वर्षांवरची मुलंही मोठ्या संख्येने सापडली आहेत. म्हणून मोठ्या मुलांना घटसर्पाचा कमी मात्रेचा घटक धनुर्वाताच्या लसीत घालून देतात. दहा आणि सोळा ही वयं ठेवली ती उतरत चाललेलं बळ वेळेत सावरण्यासाठी.

दहा वर्षं म्हणजे बहुधा पाचवीचा वर्ग आणि सोळा म्हणजे दहावी-अकरावी. पण वर्ग ही आपली सोय आहे, नियम वयाचा आहे. शाळेच्या हजेरीपटावरून नव्हे तर जनरल रजिस्टरवरून जन्मतारखा उतरवून घे. दहावीत पंधराची मुलंही असतात आणि सतराचीही. आणि जी शाळेतच नाहीत त्यांची वेगळी यादी कर: गॅरेजवर लागलेला मुलगा, घरी बसवलेली मुलगी, वीटभट्टीवरची भावंडं. धनुर्वाताचा धोका असलेल्या जखमा याच मुलांना जास्त होतात, आणि यांचंच नाव कुठल्या रजिस्टरात नसतं.

मुलींच्या बाबतीत या डोसला पुढेही अर्थ आहे. बाळंतपणातला आणि नवजात बाळाचा धनुर्वात आपल्या देशातून हटला असं २०१५ मध्ये जाहीर झालं. सटवीचा फेरा म्हणत बाळं दगावायची त्या काळातून आपण इथवर आलो ते या साध्या लसीने आणि दवाखान्यातल्या बाळंतपणांनी. हे हटलेलंच राहावं म्हणून प्रत्येक पिढीला लस द्यावी लागते.

६. शाळेत लस देताना खोली आधी बघ

मोठ्या मुलांचा हात दुखतो, तापही क्वचित येतो, पण शाळेत खरी धांदल उडते ती भोवळ येण्याने. एक मुलगी रांगेत उभ्या-उभ्या घामाघूम होते, पांढरी पडते, खाली बसते. तिला बघून दुसरी, मग तिसरी. पंधरा मिनिटांत गेटवर पालक जमतात आणि "लसीने मुलं पडली" अशी बातमी शेजारच्या गावात पोचते. लसीत काही बिघाड नसतो. भीती, उपाशी पोट आणि उभं राहणं, एवढ्यानेच हे होतं.

त्यासाठी हे सांभाळ. सत्र मधल्या सुट्टीनंतर ठेव, म्हणजे खिचडी खाऊन झालेली असते. वाट बघायची खोली वेगळी, लस द्यायची वेगळी आणि नंतर बसायची वेगळी. रांगेतल्या मुलांना सुई दिसता कामा नये. लस प्रत्येकाला बसवूनच दे. जो जास्त घाबरलाय त्याला आडवं कर. सगळ्यात धिटुकल्या मुलाला आधी बोलव, रडव्याला आधी बोलवू नकोस. नंतर अर्धा तास सगळ्यांना बसवून ठेव, आणि त्या खोलीत एक शिक्षिका आणि आशाताई हव्यातच. कुणाला भोवळ आलीच तर आडवं करून पाय थोडे वर उचल, गर्दी हटव आणि नाडी बघ. बहुतेक मुलं थोड्याच वेळात उठून बसतात. अंगावर गांधी, ओठांना सूज, श्वासाला त्रास असं काही दिसलं तर मात्र ती भोवळ समजू नकोस. लसीनंतरच्या त्रासासाठीचं एईएफआय किट उघड आणि लगेच वैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलव.

७. मुलींच्या लसीबद्दल आईशी सरळ बोल

एचपीव्हीची लस गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवते. तिच्या डोसचा हिशेब गेल्या काही वर्षांत बदलत आला आहे. त्यामुळे आयांच्या मनात गोंधळ आहे, तो तुला सोडवता आला पाहिजे.

सुरुवातीला सगळ्यांना तीन डोस होते. मग दिसलं की ९ ते १४ वर्षांच्या मुलींचं शरीर या लसीला फार चांगला प्रतिसाद देतं, म्हणून त्या वयाला सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरे, असं ठरलं. पंधरानंतर मात्र तीन. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणखी पुढचं पाऊल टाकलं: ९ ते २० वर्षांपर्यंत एक डोस दिला तरी चालेल, असा पर्याय देशांना दिला. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, जसं की एचआयव्ही असलेल्या मुली, त्यांना मात्र एकाहून जास्त डोस लागतातच.

या एका डोसच्या पुराव्यात आपल्या बार्शीचा आणि पुण्याचा हात आहे, हे अभिमानाने सांग. २००९ मध्ये भारतात अनेक ठिकाणी एक मोठा अभ्यास सुरू झाला. १० ते १८ वर्षांच्या जवळपास १८ हजार मुली त्यात होत्या. तीन डोसऐवजी दोन पुरतात का, हे बघायचं होतं. बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय हे त्यातलं एक केंद्र, आणि पुण्यातही एक होतं. एप्रिल २०१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदऱ्याच्या एका वेगळ्या प्रकल्पावरून वाद झाला, तेव्हा शासनाने देशभर हे लसीकरण थांबवलं. अभ्यासातल्या कित्येक मुलींना एकच डोस मिळाला होता, पुढचा राहिला. डॉक्टरांनी त्या मुलींना सोडलं नाही. वर्षानुवर्षं त्यांची तपासणी करत राहिले. दहा वर्षांनी दिसलं की एक डोस घेतलेल्या मुलींना धोकादायक विषाणूंच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून मिळालेलं संरक्षण दोन-तीन डोस घेतलेल्यांच्या तोडीचं आहे. राहून गेलेल्या डोसमधूनही जगाला उपयोगी पडणारं ज्ञान मिळालं, कारण कुणीतरी नोंदी नीट ठेवल्या. रजिस्टर भरायचा कंटाळा आला की हे आठव.

आईशी बोलताना आडवळणं घेऊ नकोस. "पोर अजून लहान आहे, कशाला?" असं ती म्हणेल. तिला सांग, लहान आहे म्हणूनच. हा विषाणू शरीरसंबंधातून लागतो, आणि लस काम करते ती विषाणूशी गाठ पडण्याआधी. लग्नानंतर द्यायची म्हटलं तर बराचसा फायदा हातचा जातो. या लसींपैकी एक पुण्यातच तयार होते हेही सांग, त्याने बायकांना धीर येतो. शासनाची मोहीम जेवढे डोस सांगेल तेवढे दे. खासगी डॉक्टरांनी लसीच्या परवान्याप्रमाणे दोन किंवा तीन सांगितले असतील तर ते चूक म्हणू नकोस. दोघांचा हिशेब वेगळा का आहे, ते आता तुला ठाऊक आहे.

८. नियम बदलला की कारणासकट सांग

हा कानमंत्र मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कोविडच्या वर्षांत आपण सगळ्यांनी तो अनुभवला.

कोविशील्डच्या दोन डोसमध्ये आधी चार ते सहा आठवडे होते. मार्च २०२१ मध्ये ते सहा ते आठ झाले, आणि १३ मे २०२१ ला बारा ते सोळा. लोक म्हणाले, लस नाही म्हणून अंतर वाढवलं. त्यांना वाटलं यात नवल नव्हतं, कारण त्याच आठवड्यात महाराष्ट्रात लस पुरत नव्हती म्हणून १८ ते ४४ वर्षांच्या गटाचं लसीकरण थांबवावं लागलं होतं. पण अंतर वाढवण्याला शास्त्राचा आधारही होता. ब्रिटनच्या अनुभवात आणि चाचण्यांत जास्त अंतराने दुसरा डोस घेतलेल्यांचा प्रतिसाद चांगला दिसला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि लोकांना दोन्ही सांगायला हव्या होत्या. टंचाई आहे हे लपवलं की शास्त्रावरचाही विश्वास उडतो.

जूनमध्ये आणखी एक आदेश आला. परदेशी शिकायला, नोकरीला जाणाऱ्यांना आणि टोकियो ऑलिम्पिकच्या खेळाडूंना ८४ दिवस थांबायची गरज नाही, २८ दिवसांनंतर दुसरा डोस मिळेल. गावातली पोरं विचारायला लागली, "त्यांना एक नियम, आम्हाला एक?" त्यांना असं समजावायचं, की २८ दिवस ही तळाची रेघ, तिच्या खाली कुणालाच नाही. ८४ दिवस हे जास्त चांगलं अंतर. ज्याचं विमान आणि कॉलेजचा प्रवेश अडलेला आहे त्याला तळाच्या रेघेवर दिलं. तू इथेच आहेस, तुला जास्त चांगलं मिळू दे. असं सांगितलं की मुलं ऐकतात. तरुण मुलांना धाक दाखवून काही होत नाही, त्यांना कारण लागतं.

पुढे ३ जानेवारी २०२२ पासून १५ ते १८ वर्षांच्या मुलांना लस सुरू झाली. २००७ किंवा त्याआधी जन्मलेले, फक्त कोव्हॅक्सिन, २८ दिवसांचं अंतर. मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा होत्या. ज्यांनी पहिल्या आठवड्यात घेतली त्यांचा दुसरा डोस फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच झाला. ज्यांनी "बघू" म्हटलं त्यांची तारीख परीक्षेत येऊन पडली आणि मग ती लांबतच गेली. १६ मार्चपासून १२ ते १४ वर्षांच्या मुलांना कोर्बेव्हॅक्स, तीही २८ दिवसांनी. इथे जन्मसालाने घोळ झाला. २०१० साल बघून मुलं येत, पण लसीच्या दिवशी बारा वर्षं पूर्ण असणं आवश्यक होतं. आणि अनेकांचा दुसरा डोस आला तो नेमका उन्हाळ्याच्या सुट्टीत, मुलं मामाच्या गावाला गेलेली.

यातून घ्यायचा धडा असा: नवी मोहीम सुरू झाली की पहिल्या डोसच्या दिवशीच दुसऱ्या डोसची तारीख कॅलेंडरवर ठेवून बघ. परीक्षा, सुट्टी, यात्रा, ऊसतोड, यातलं काय आडवं येतंय? येत असेल तर पहिला डोस त्याप्रमाणे पुढे-मागे घे. वरून आलेला आदेश तुला बदलता येत नाही, पण पहिल्या डोसचा दिवस निवडणं पुष्कळदा तुझ्या हातात असतं.

९. किरकोळ आजारासाठी परत पाठवू नकोस

सर्दी, थोडा खोकला, अंगात कणकण, जुलाब: एवढ्यासाठी लस थांबवायची नाही. ज्याला जोराचा ताप आहे, जो खरोखर आजारी आहे, त्याला आधी उपचार आणि मग बरं वाटताच लस. आधीच्या डोसला गंभीर ॲलर्जी आली असेल तर ती लस पुन्हा देऊ नकोस, वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठव. बाकी कुपोषित मुलाला तर लस आधी दे, त्याला ती सगळ्यात जास्त लागते.

एका दिवशी दोन-तीन सुया देताना आई घाबरते. चौदा आठवड्यांच्या बाळाला पेंटाव्हॅलंट डाव्या मांडीत, पीसीव्ही उजव्या मांडीत, आयपीव्ही उजव्या दंडात, शिवाय पोलिओ आणि रोटाचे थेंब. "अर्धं आज, अर्धं नंतर" असं ती म्हणाली तर मानू नकोस. एका वेळी दिलेल्या लसी एकमेकींना मारत नाहीत. उलट विदर्भातल्या जपानी मेंदूज्वराच्या (जेई) जिल्ह्यांत गोवर-रुबेला आणि जेईची जिवंत लस एकाच दिवशी दिल्या नाहीत तर मग मधे चार आठवडे थांबावं लागतं. पुढे ढकललेली सुई बहुधा राहूनच जाते.

१०. चार गोष्टी सांगितल्याशिवाय कुणाला उठू देऊ नकोस

आज कोणती लस दिली आणि ती कशापासून वाचवते. पुढच्या वेळी कधी यायचं. ताप आला, गाठ आली, हात दुखला तर काय करायचं. आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी घेऊन यायचं. या चार गोष्टी बाळाच्या आईला सांगतेस, तशाच सोळा वर्षांच्या मुलालाही सांग, त्याच्या डोळ्यांत बघून, त्याला मोठा समजून. त्याचं कार्ड त्याच्या हातात दे. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवायला लाव.

घरात निर्णय कोणाचा चालतो तेही ओळख. कुठे सासूबाई, कुठे आजोबा, कुठे गल्फमध्ये असलेला बाप फोनवरून हो-नाही सांगतो. ज्याचा शब्द चालतो त्याच्याशी बोलल्याशिवाय आईला दोष देऊ नकोस.

रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यात एवढं कर

शासन साऱ्या देशासाठी एकच वेळापत्रक काढतं. जेईसारखी लस सोडली तर ते केरळच्या बाळाला आणि बालाघाटाच्या डोंगरातल्या बाळाला सारखंच लागू असतं. पण डोस चुकतो तो एका विशिष्ट मुलाचा, एका विशिष्ट दिवशी. ते वेळापत्रक त्या मुलाच्या जन्मतारखेला, त्याच्या आईच्या मजुरीला आणि गावाच्या हंगामाला लावून घेणं ही तुझी नोकरी आहे. ते मंत्रालयातून होत नाही, होऊ शकतही नाही.

म्हणून पहिल्या महिन्यात तीन याद्या कर. एक, दोन वर्षांखालच्या ज्या मुलांचा कोणताही डोस राहिला आहे त्यांची, प्रत्येकापुढे "पुढचा डोस अमुक तारखेपासून देता येईल" असं लिहून. दोन, शाळेत असलेल्या आणि नसलेल्या दहा व सोळा वर्षांच्या मुलांची. तीन, येत्या हंगामात गाव सोडणाऱ्या घरांची. या याद्या आशाताई, अंगणवाडीताई आणि मुख्याध्यापकांसमोर एकत्र बसून ताडून बघ, कारण एकीच्या वहीत नसलेलं मूल दुसरीच्या वहीत सापडतं. मग सोळा वर्षांच्यांच्या यादीपासून सुरुवात कर. बाळांना आठवण करून देणारे चार जण आहेत, या मुलांना फक्त तू आहेस.